दुपारचे ओले पॅक: एका निर्जंतुकीकरण विभागातील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

चार शस्त्रक्रियागृहे असलेल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयातले हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

रुग्णालयाच्या सीएसएसडीत, म्हणजे मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभागात, सुमारे ४०० लिटर क्षमतेचा दोन दारांचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, होता. एका दाराने लोड, म्हणजे एका वेळी फिरवायच्या पॅकची खेप, आत जायचा आणि दुसऱ्या दाराने निर्जंतुक बाजूला निघायचा. वाफ बॉयलरवरून यायची. चेंबरमधली हवा आणि वाफ ओढायला वॉटर रिंग व्हॅक्यूम पंप होता. या पंपात फिरणाऱ्या पाण्याचे कडेच पिस्टनचे काम करते, त्यामुळे त्याला सतत पाणी लागते. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ या पाण्यात आहे.

नेहमीची सायकल अशी: दीडशे मिलीबार निरपेक्ष दाबापर्यंत व्हॅक्यूम, मग वाफ, असे तीन फेरे, मग १३४ अंश सेल्सिअसला ४ मिनिटे, शेवटी १५ मिनिटे व्हॅक्यूममध्ये सुकवण. दिवसाला पाच ते सात लोड निघत. पहाटे मशीन तापवून रिकाम्या चेंबरमध्ये बोवी-डिक चाचणी (हवा निघून वाफ भिनते का ते पाहणारी), आठवड्यातून एकदा गळती चाचणी आणि एकदा स्पोअर टेस्ट (जिवाणूंचे बीजाणू मरतात का ते पाहणारी) हा रिवाज होता. तिन्ही चाचण्या पहिल्या लोडच्या आधी किंवा पहिल्या लोडबरोबर होत. नोंदवह्या नीटनेटक्या होत्या आणि प्रत्येक पॅकवर मशीन, सायकल क्रमांक व तारखेचे लेबल होते. ही शिस्त पुढे उपयोगी पडली.

समस्या

एका सकाळी ऑर्थोपेडिक शस्त्रक्रियेसाठी सेट उघडला तेव्हा ट्रेच्या तळाशी पाणी दिसले. वेष्टन बाहेरून कोरडे होते. बाहेरच्या टेपवरच्या रेषा काळ्या झालेल्या आणि आतल्या रासायनिक इंडिकेटरचा रंगही पूर्ण बदललेला. स्क्रब सिस्टरने सेट नाकारला, दुसरा मागवला आणि शस्त्रक्रिया तासाभराहून जास्त लांबली. पुढच्या तीन आठवड्यांत असे आणखी अकरा पॅक निघाले. बहुतेक जड धातूचे सेट होते, दोन बोल (वाडगे) आणि किडनी ट्रेचे होते.

विभागातली पहिली प्रतिक्रिया होती, "चार्ट तर व्यवस्थित आहे." खरेच होते. १३४ अंश गाठले होते आणि चार मिनिटे धरले होते. शस्त्रक्रियागृहाची तक्रार आणि मशीनचा कागद एकमेकांशी जुळत नव्हते. अशा वेळी कागदाची बाजू घेण्याचा मोह होतोच.

पहिला निर्णय: ओला सेट निर्जंतुक मानायचा का

यावर पूर्ण एक दिवस वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे: वाफ आत पोचली म्हणूनच पाणी झाले. तापमान मिळाले, इंडिकेटर बदलला, म्हणजे जंतू मेले. पाणीही निर्जंतुकच आहे. मग सेट नाकारून शस्त्रक्रिया का खोळंबवायची?

या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दार उघडण्याच्या क्षणी तो सेट बहुधा निर्जंतुकच होता. चूक पुढे आहे. न विणलेले वेष्टन असो वा सुती, ते जंतू अडवते ते कोरडे असेपर्यंत. ओले झाले की पाण्याच्या पातळ थरातून बाहेरचे जंतू धाग्यांमधून आत झिरपू शकतात. ट्रॉलीवरचा हात, मांडणीचा फळा, लिफ्टमधली धूळ या सगळ्यांचा आतल्या अवजारांशी संबंध जुळतो. शिवाय वेष्टन बाहेरून कोरडे दिसते याचा अर्थ ते मधल्या काळात ओले नव्हते असा होत नाही. म्हणून ओला पॅक हा दूषित पॅक, हा नियम जगभर पाळला जातो आणि त्याला "थोडासाच ओला" अशी पायरी नाही.

संसर्ग नियंत्रण समितीने दुसऱ्या दिवशी हाच निर्णय दिला. पहिल्या ओल्या सेटच्या सायकल क्रमांकावरून त्या लोडचे चौदा पॅक शोधले गेले. नऊ शेल्फवर सापडले आणि ते परत धुवून, नव्याने बांधून पुन्हा ऑटोक्लेव्हमधून फिरवले. पाच वापरून झाले होते. त्या रुग्णांच्या नोंदीत तसे लिहून त्यांच्यावर लक्ष ठेवायला संबंधित सर्जनना कळवले. त्या पाचपैकी एक पॅक वादाच्या दिवशी दुपारी वापरला गेला होता. लोड त्याच सकाळी थांबवला असता तर हा पाचवा टळला असता.

पाणी येते कुठून

तपास कसा भरकटला हे समजायला एक हिशेब डोळ्यांपुढे हवा. पाणी होणे हा बिघाड नाही, ते व्हायलाच हवे. वाफ थंड अवजारावर आदळते, तिचे पाणी होते आणि त्या क्षणी ती आपला अप्रकट उष्मा धातूला देते. वाफेची ताकद तिथे आहे. त्याच तापमानाच्या कोरड्या हवेला ते जमत नाही.

दहा किलो स्टीलचा सेट २० अंशांवरून १३४ अंशांवर न्यायला साधारण ५७० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो वाफ या तापमानाला पाणी होताना सुमारे २१६० किलोज्यूल देते. म्हणजे एका सेटवर जवळजवळ २६० मिलिलिटर पाणी तयार होते, पेलाभर. यातले काही ट्रेच्या भोकांतून निथळते. उरलेले सुकवणीत उडून जायला हवे.

ते उडवायला उष्णता कोण देते? मुख्यतः तो सेटच. व्हॅक्यूम लागला की पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि १३४ अंशांचे तापलेले स्टील आपली उष्णता देत पाणी उकळवते. दाब जितका कमी, तितक्या कमी तापमानापर्यंत हे उकळणे चालू राहते. ४२ मिलीबारला पाणी ३० अंशांना उकळते, १२३ मिलीबारला ५० अंशांना. दहा किलो स्टील ५० अंशांपर्यंत उतरताना साधारण १८० मिलिलिटर पाणी उडवू शकते, ३० अंशांपर्यंत उतरताना २२० मिलिलिटर. हा ४० मिलिलिटरचा फरक म्हणजेच ट्रेच्या तळाचे डबके. जॅकेटच्या, म्हणजे चेंबरभोवतीच्या वाफेच्या कवचाच्या, गरम भिंती थोडी मदत करतात, पण जड सेटच्या पोटातल्या पाण्यापर्यंत त्यांची ऊब पोचायला वेळ लागतो.

कोणते पर्याय तोलले गेले

सुकवणीची वेळ १५ वरून ३० मिनिटे करावी, हा पहिला आणि सर्वांना आवडलेला पर्याय. बटण दाबून होणारी दुरुस्ती कोणाला आवडत नाही. दुसरा, सायकल संपल्यावर निर्जंतुक बाजूचे दार बोटभर उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तिसरा, ट्रेमध्ये लिंट (बारीक तंतू) न सोडणारा शोषक कागद घालावा. चौथा, जड सेट विभागून हलके करावेत. पाचवा, वाफ ओली येते आहे असे धरून बॉयलर, पाइप आणि स्टीम ट्रॅप (वाफ अडवून साठलेले पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) तपासावेत.

सीएसएसडी पाचव्या पर्यायावर ठाम होता, कारण त्यात दोष बॉयलरकडे जात होता. अभियांत्रिकी विभाग चौथ्यावर ठाम होता, कारण त्यात दोष लोड भरणाऱ्यांकडे जात होता. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते, म्हणून वाद लांबला.

वेळ वाढवण्याचा पर्याय लगेच अमलात आला. पहिले दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवसापासून दुपारच्या शेवटच्या लोडमध्ये आधीपेक्षा जास्त ओले पॅक निघू लागले. तेव्हा याचा उलगडा झाला नाही. उलट ४० मिनिटे करून पाहावे असा प्रस्ताव आला.

दार किलकिले ठेवणे नाकारले गेले, आणि योग्यच झाले. चेंबरच्या तोंडाशी गरम ओलसर हवा आणि खोलीतली गार हवा भेटली की वेष्टनाच्या बाहेरच्या थरावर दव धरते. शोषक कागद काही सेटमध्ये सुरू झाला. त्याने पाणी पसरते आणि पसरलेले पाणी लवकर उडते, म्हणून तो चांगली सवय आहे. पण कारण सापडण्याआधी तो घातला तर लक्षण झाकले जाते. इथे नेमके तेच झाले. एक आठवडा तक्रारी घटल्या आणि प्रश्न सुटला अशी समजूत झाली.

वाफेची चौकशी

अभियांत्रिकीने वाफेची बाजू मन लावून तपासली. ऑटोक्लेव्हची शाखा मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने घेतलेली होती, खालच्या नव्हे. खालून घेतली तर पाइपच्या तळाने वाहणारे पाणी सरळ मशीनमध्ये जाते. पाइपचा उतार ट्रॅपच्या दिशेने होता. शाखेवरचा थर्मोडायनॅमिक ट्रॅप नियमाने उघडझाप करत होता. जॅकेटचा ट्रॅप बदलण्याच्या वयाचा होता, तो बदलला. बॉयलरच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मर्यादेत होते, म्हणजे फेस होऊन पाणी वाफेबरोबर उचलले जाण्याची शक्यता कमी होती. एन २८५ या युरोपीय मानकाप्रमाणे धातूच्या लोडसाठी वाफेचा शुष्कतांक, म्हणजे तिच्यातल्या कोरड्या वाफेचा वाटा, किमान ०.९५ लागतो. तपासणीत तो त्याच्या वर निघाला.

चेंबरच्या तळाच्या जाळीत मात्र लिंटचा बोळा, टेपचे तुकडे आणि एक धातूची खूणचिठ्ठी सापडली. ती जाळी रोज काढून धुवायची असते, इथे आठवड्याने धुतली जात होती. जाळी तुंबली की पाणी तळाशी साठते आणि ड्रेनमधला तापमान सेन्सर मागे पडतो. जाळी साफ केली, रोजच्या यादीत टाकली. ओले पॅक थांबले नाहीत.

वाफ ओली नाही हे खरे तर आधीच ओळखता आले असते. ओल्या वाफेचा त्रास सर्वांत जास्त पहिल्या लोडला होतो, कारण रात्रभर गार पडलेल्या पाइपांत पाणी साठलेले असते. आणि तेव्हा वेष्टनांच्या बाहेरही थेंब दिसतात. इथे बाहेर कोरडे आणि आत डबके होते. पाणी कुठे आहे हे टिपून ठेवले तर अर्धे निदान तिथेच होते. तक्रारीच्या नोंदीत फक्त "सेट ओला" एवढेच लिहिले जात होते.

वळण: तक्रारीची वेळ आणि लोडची वेळ

तक्रारी सकाळी यायच्या, म्हणून सगळे सकाळकडे पाहत होते. पण सकाळी उघडलेला सेट आदल्या दुपारी फिरवलेला असतो. तक्रारवहीत पॅक उघडल्याची वेळ होती, सायकल क्रमांक नव्हता. रात्रपाळीच्या एका टेक्निशियनने बाराही लेबले काढून सायकल क्रमांक एका कागदावर उतरवले. बाराच्या बारा चौथ्या किंवा त्यापुढच्या लोडचे होते. एकही पहिल्या तीनमधला नव्हता.

या अर्ध्या तासाच्या कामाने तीन आठवड्यांच्या वादापेक्षा जास्त प्रगती केली. आता प्रश्न बदलला: या मशीनमध्ये दिवसभर काय बदलत जाते? भरणारी माणसे तीच, वेष्टने तीच, बॉयलर तोच.

मग प्रिंटआउट पुन्हा काढले. आजवर सर्वांनी त्यातली एकच ओळ वाचली होती, १३४ अंश आणि चार मिनिटांची. सुकवणीच्या शेवटचा दाबही त्याच कागदावर छापलेला होता. पहिल्या लोडला ५८ मिलीबार. तिसऱ्याला ८५. पाचव्याला १२०. सहाव्याला १४२. सुरुवातीच्या व्हॅक्यूमचे फेरेही सकाळी तीन मिनिटांत, दुपारी सहा-सात मिनिटांत पूर्ण होत होते. मशीन दीडशे मिलीबार गाठेपर्यंत थांबत असे, म्हणून हवा पुरती निघत होती आणि अलार्म वाजत नव्हता. सुकवण मात्र नुसत्या घड्याळावर चाले. किती दाब गाठला हे नियंत्रक पाहतच नसे.

साफसफाई करणाऱ्या कामगाराने याच सुमारास सांगितले की पंप हल्ली दुपारी खडे भरल्यासारखा वाजतो. त्याला आधी कोणी विचारले नव्हते. वॉटर रिंग पंपातले पाणी पंपाच्या आतच उकळू लागले की बुडबुडे फुटून नेमका असाच आवाज येतो.

कारण

पहिली तक्रार येण्याच्या तीन आठवडे आधी रुग्णालयात पाणी वाचवण्याचे काम झाले होते. व्हॅक्यूम पंपातून मिनिटाला दहाएक लिटर पाणी सरळ गटारात जायचे. ते ३०० लिटरच्या एका टाकीत वळवून पुन्हा पंपाला द्यायची व्यवस्था केली. पंपाआधीच्या कंडेन्सरचे (वाफ गार करून तिचे पाणी करणाऱ्या भागाचे) गार पाणीही त्याच टाकीतून. कल्पना चांगली आणि हेतू निर्दोष. सीएसएसडीला कळवले गेले ते "पाइपचे किरकोळ काम" म्हणून.

वॉटर रिंग पंप त्याच्या पाण्याच्या बाष्पदाबाखाली व्हॅक्यूम देऊ शकत नाही, त्या दाबाला त्याचे स्वतःचे पाणीच उकळते. पाणी २६ अंशांना असेल तर ही मर्यादा ३४ मिलीबार, ४२ अंशांना ८२, आणि ५० अंशांना १२३. मर्यादेच्या जवळ पंपाची ओढण्याची क्षमताही झपाट्याने घसरते.

प्रत्येक सायकलमध्ये दोनेक किलो वाफ कंडेन्सरमधून जाते आणि तिची उष्णता टाकीत उतरते. पंपाच्या मोटरची भर वेगळी. मिळून एका लोडला सात-साडेसात मेगाज्यूल, म्हणजे ३०० लिटर पाण्याला सहा अंशांची वाढ. थोडी उष्णता टाकीच्या अंगातून निघून जाते. थर्मामीटर लावून पाहिले तेव्हा लोडागणिक आकडे निघाले २६, ३२, ३७, ४२, ४६, ५०. रात्रभर टाकी गार पडायची आणि पहाटेच्या चाचण्यांना ताजातवाना पंप मिळायचा.

सुकवण वाढवल्यावर त्रास का वाढला तेही आता कळले. पंधरा मिनिटे जास्त चाललेला दोन किलोवॅटचा पंप दर लोडला टाकीत आणखी जवळजवळ दीड अंश घालत होता. पहिल्या दोन-तीन लोडना जास्तीच्या वेळेचा फायदा मिळे, त्याची किंमत शेवटचे लोड मोजत.

चाचण्यांनी हे का पकडले नाही? बोवी-डिक ही १९६३ साली पुढे आलेली चाचणी हवा निघाली की नाही आणि वाफ भिनली की नाही एवढेच सांगते. सुकवणीशी तिचा संबंध नाही. गळती चाचणी बंद चेंबरमध्ये दाब किती चढतो ते पाहते, मिनिटाला १.३ मिलीबारची मर्यादा आणि इथे ०.८ आले. चेंबर गळत नव्हताच. स्पोअर टेस्टमधले जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलसचे बीजाणू चार मिनिटांच्या वाफेने मेले, तेही खरे. प्रत्येक चाचणीने आपल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले. ओल्या सेटचा प्रश्न कोणीच विचारलेला नव्हता, आणि विचारला असता तरी सकाळी सहा वाजता त्याचे उत्तर "ठीक" असेच आले असते.

काय केले

कारणाचा अंदाज आला त्याच दिवशी टाकीला वळसा घालून पंप पुन्हा ताज्या पाण्यावर आणला. त्यासाठी एक व्हॉल्व्ह फिरवणे पुरेसे होते, कारण जोडणी करणाऱ्याने जुनी लाइन कापली नव्हती. पण एका दिवसाच्या कोरड्या सेटवर विसंबायचे नाही असे ठरले आणि वजनाची पद्धत सुरू झाली.

पद्धत साधी आहे. सेट बांधून झाल्यावर १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलायचा आणि आकडा लेबलवर लिहायचा. सायकलनंतर पॅक जाळीदार रॅकवर, एकमेकांना न टेकवता, हात न लावता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे आणि मग पुन्हा तोलायचे. एन २८५ मध्ये मशीनच्या तपासणीसाठी धातूच्या लोडला ०.२ टक्के आणि कापडाला १ टक्का वजनवाढीची मर्यादा आहे. तीच रोजच्या कामाला घेतली. ९.८ किलोच्या सेटला ही मर्यादा साधारण २० ग्रॅम. वेष्टन न उघडता आतले पाणी कळते, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

टाकी मुद्दाम पुन्हा जोडून एक दिवस त्याच सेटवर मोजले. त्या दिवशीचा एकही पॅक वापरात दिला नाही. पहिल्या लोडला ९ ग्रॅम, तिसऱ्याला २४, चौथ्याला ४१, सहाव्याला ७८ ग्रॅम वाढ. दुसऱ्या दिवशी ताज्या पाण्यावर सहाही लोड १५ ग्रॅमच्या आत. हा उलटसुलट प्रयोग काहींना वेळेचा अपव्यय वाटला. पण याआधी दोनदा, वेळ वाढवल्यावर आणि कागद घातल्यावर, "प्रश्न सुटला" असे जाहीर झाले होते. तिसऱ्यांदा खात्री हवी होती.

कायमच्या दुरुस्तीत टाकी ठेवली, पण तिला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवला. पाणी ३२ अंशांवर गेले की ताजे पाणी आत येते आणि गरम पाणी वरून वाहून जाते. पाण्याची बचत त्यामुळे अपेक्षेच्या निम्म्यावर आली. टाकी मोठी करण्याचा किंवा वेगळा चिलर लावण्याचा विचार झाला. मोठ्या टाकीने तापणे फक्त लांबणीवर पडते, आणि चिलर बिघडला तर कळायला पुन्हा तोच ओला सेट लागला असता. ऑटोक्लेव्हच्या नियंत्रकात सुकवणीअखेर दाब ८० मिलीबारच्या वर राहिला तर सायकल नापास करण्याची सेटिंग घातली. निर्मात्याच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून करून घ्यावी लागणारी ही एकच गोष्ट होती. सुकवण पुन्हा १५ मिनिटांवर आणली.

सेटच्या वजनाकडेही या निमित्ताने पाहिले गेले. सर्वांत जड ऑर्थो सेट १२.४ किलोचा निघाला. युरोपात १० किलो आणि अमेरिकेत सुमारे ११.३ किलो, म्हणजे २५ पौंड, ही शिफारस केलेली वरची मर्यादा आहे. तो दोन ट्रेमध्ये विभागला. बोल आणि किडनी ट्रे पालथे किंवा सपाट न ठेवता कडेवर, तोंड खालच्या दिशेला कलते ठेवायचे, म्हणजे पाणी निथळते. दोन बोलांमध्ये शोषक कापड. धातू खालच्या फळीवर, कापड वरच्या, नाहीतर धातूचे पाणी कापडावर ठिबकते. यातले काहीच नवे नव्हते. भिंतीवरच्या तक्त्यावर सगळे लिहिलेले होते. गर्दीच्या दुपारी तक्ता कोणी वाचत नाही, म्हणून लोड भरण्याच्या ट्रॉलीवरच कप्प्यांच्या खुणा रंगवल्या.

निर्जंतुक बाजूला गरम ट्रॉली एसीच्या झोताखाली उभी राहायची, ती जागा बदलली. पील पाऊचच्या (सोलून उघडायच्या कागद-प्लास्टिकच्या पाकिटांच्या) प्लास्टिकवर अधूनमधून दिसणारे दव त्याने गेले. मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता, तरी तपासात ते दव बराच काळ दिशाभूल करत राहिले.

परिणाम

पुढच्या तीन महिन्यांत शस्त्रक्रियागृहातून ओल्या सेटची एक तक्रार आली. तो सेट घाईत, गरम असतानाच, थंड स्टीलच्या टेबलावर ठेवला गेला होता. नियंत्रकाने सुकवणीच्या दाबावरून दोन सायकली नापास केल्या. दोन्ही वेळा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हच्या गाळणीत कचरा सापडला. ती गाळणी आता महिन्याच्या देखभालीत आहे. निगराणीखाली ठेवलेल्या पाच रुग्णांत संसर्ग आढळला नाही. अर्थात पाचांवरून काही सिद्ध होत नाही, आणि तसा दावा कोणी केलाही नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महाग चूक वेळेची होती, पण सुकवणीच्या वेळेची नव्हे. पहिल्या ओल्या सेटनंतर सायकल क्रमांक लिहिला असता तर तिसऱ्या-चौथ्या तक्रारीलाच दुपारचा नमुना दिसला असता. तक्रारवहीत आता चार रकाने वाढले आहेत: सायकल क्रमांक, दिवसातला कितवा लोड, पाणी पॅकच्या आत की बाहेर, आणि सेटचे वजन.

दुसरी गोष्ट बदलाच्या सूचनेची. अभियांत्रिकी विभागाने पाइपचे काम लपवले नव्हते. पंपाचे पाणी आणि सेटचा कोरडेपणा यांचा संबंध त्यांना ठाऊक नव्हता, आणि सीएसएसडीला पंपाचे पाणी कुठून येते हे ठाऊक नव्हते. वाफ, पाणी, वीज, हवा यांपैकी ऑटोक्लेव्हला जाणाऱ्या कोणत्याही लाइनला हात लावला की आता बोवी-डिक आणि गळती चाचणीबरोबर भरलेल्या लोडची वजन चाचणी होते, तीही दिवसाच्या शेवटच्या लोडवर. आठवड्याची गळती चाचणी एका आठवड्यात सकाळी आणि पुढच्या आठवड्यात शेवटच्या लोडनंतर घेतली जाते. संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा किंचित वेगळा येतो, कारण चेंबर गरम आणि किंचित ओलसर असतो आणि उरलेले पाणी उडून दाब वाढवते. म्हणून त्या चाचणीआधी रिकाम्या चेंबरची एक सुकवण घ्यावी लागते. हे पहिल्या महिन्यात लक्षात आले नाही आणि दोनदा दाराचा गॅस्केट विनाकारण बदलला गेला.

शोषक कागदाबद्दल मतभेद अजून आहेत. काही जण तो सर्व जड सेटमध्ये कायम ठेवावा म्हणतात. विभागाने सध्या एक मधला मार्ग धरला आहे: कागद चालेल, पण रोजच्या वजनासाठी निवडलेल्या एका सेटमध्ये तो घालायचा नाही. त्या सेटचा आकडा निर्जंतुक बाजूच्या फळ्यावर लिहिला जातो आणि शेवटचा लोड बाहेर येईपर्यंत पुसला जात नाही.